ड्रायला काय म्हणायचं?

गेल्या जानेवारीत नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावरच्या एका छोट्या वायनरीचं काम आलं. सहा वाइन, प्रत्येकीबद्दल चार-पाच ओळी, इंग्रजीतून मराठीत. टेस्टिंग रूमच्या भिंतीवर बोर्ड लावायचे होते. मालकाचा मुलगा फोनवर म्हणाला, "ताई, पूर्वी मुंबईचीच गिऱ्हाइकं यायची. आता रविवारी निफाडहून, सिन्नरहून घरच्या घर येतात. आज्यासुद्धा असतात. बोर्डाकडे बघतात, मान हलवतात आणि द्राक्षाचा ज्यूस मागवतात."

मी पोटासाठी भाषांतर करते. कीटकनाशकांच्या डब्यांवरच्या सूचना, पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तकं, बँकेचे अर्ज. त्यामानाने हे काम चैनीचं. सहा पंचे तीस ओळी, एका दुपारचा मामला, असा हिशेब करून गॅसवर चहा ठेवला आणि फाइल उघडली. पहिलाच शब्द होता ड्राय. ड्राय व्हाइट वाइन.

चहा आटून पातेल्याच्या बुडाला लागला तरी मी त्या शब्दापाशीच होते.

आधी सरळ "कोरडी पांढरी वाइन" असं लिहून पाठवलं. दहा मिनिटांत फोन. "ताई, कोरडी म्हणजे बाटली रिकामी असल्यासारखं वाटतंय हो." त्याचं चूक नव्हतं. मराठीत कोरडी असते ती विहीर. मग "शुष्क" लिहून पाहिलं, तर भेगाळलेल्या टाचांना लावायचं मलम डोळ्यांपुढे आलं. "सुकी" म्हटलं की बोंबलाशेजारी पुडीत बांधून मिळेल असं वाटतं. "बिनसाखरेची" हे डायबेटिसवाल्यांच्या चहाचं विशेषण. "फिकी" म्हणावं तर करणाऱ्याचंच काहीतरी चुकलंय. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने "अगोड" सुचवलं आणि वर व्याकरणही समजावलं. व्याकरण बरोबर असेल, पण अगोड म्हटल्यावर घसा पुढे येत नाही, मागे जातो.

ड्राय हा शब्द दिसायला इतका गरीब की त्याच्यासाठी कोश उघडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आपण पाचवीत शिकतो, वेट आणि ड्राय, विरुद्धार्थी शब्द, एक मार्क, संपलं. त्या दिवशी उघडला. लॅटिन-फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत उशिरा आलेला हा पाहुणा नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वी, इंग्रजी ही खेडवळ जर्मॅनिक बोली होती तेव्हापासूनचा तो घरचा माणूस. त्या वेळी त्याचा उच्चार साधारण ड्र्यूये असा होता. जर्मनमधला ट्रॉकन हा त्याचा चुलतभाऊ. अवर्षणाला इंग्रजीत ड्राउट म्हणतात तोही ह्याच घराण्यातला, आणि ड्रेनसुद्धा. म्हणजे आमच्या कॉलनीतली ती ड्रेनेज लाइन, जी जून ते सप्टेंबर रस्त्यावर वाहते, तिच्या नावातच खरं तर कोरडं करणं आहे.

मूळ अर्थ साधा, ओल नसलेला. पण हा शब्द जिथे जिथे गेला तिथे ओल सोडून भलतंच काहीतरी काढून घेत गेला. ड्राय डे म्हणजे पाण्याचा तुटवडा नव्हे, दारूचं दुकान बंद. ड्रायक्लीनला दिलेला शालू चांगला चिंब भिजवतात, फक्त पाण्यात नाही, रसायनात. कॉलेज रोडवरच्या लाँड्रीवाल्याला मी एकदा हे विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, पावती नीट ठेवा." ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांना तो वितळून ओघळत नाही, सरळ हवा होऊन जातो. गाय ड्राय म्हणजे दूध नाही. ड्राय रन म्हणजे खरा प्रयोग नाही. प्रत्येक ठिकाणी ड्राय एवढंच सांगतो की इथे एक गोष्ट असायला हवी होती, ती नाही. कुठली गोष्ट, ते तुमचं तुम्ही ओळखायचं. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा बंदीवाले ते ड्राय आणि विरोधातले ते वेट, अशी माणसांचीच वाटणी होती. पुढे ब्रिटनमध्ये पंतप्रधान थॅचरबाईंच्या काळात त्यांच्या स्वतःच्या पक्षातल्या लोकांचीही हीच नावं पडली. बाईंच्या कडक अर्थनीतीचे समर्थक ते ड्राय, कच खाणारे ते वेट. तिथे तर दारूचाही संबंध उरला नाही.

आपल्याकडे सुरगाण्याच्या पुढे हद्द ओलांडून सापुताऱ्याला गेलं की ड्राय स्टेट लागतं. गुजरातमधल्या सगळ्यात जास्त पावसाच्या मुलखांपैकी हा एक. जुलैत तिथे छत्री उलटी होते, रस्त्याच्या कडेला धबधबे अंगावर येतात, आणि आपण उभे असतो ड्राय राज्यात.

निफाडला ड्राय पोर्ट, म्हणजे समुद्राशिवायचं बंदर, होणार अशी बातमी पहिल्यांदा आली तेव्हा मी ती वडिलांना फोनवर वाचून दाखवली होती. साखर कारखान्याची जागा, जेएनपीटी, कंटेनर, रेल्वे, सगळं. नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं झालं. कादवेला पाणी नसतंच. होड्यांचा खर्च वाचला." आणि फोन ठेवला.

नानांकडे नंतर येते.

मराठीचं ह्या बाबतीत अगदी उलट आहे. काय नाही हे मराठी सांगतेच, पण ते कसं गेलं ह्याचीही चौकशी करते. कपडे वाळतात, फूल सुकतं, नदी आटते, घसा कोरडा पडतो. ह्यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवून बघा. कपडे आटले म्हटलं तर ते तोकडे झाले. नदी वाळली असं म्हणणाऱ्याने नदी पाहिलेली नाही. वाळण्याला ऊन लागतं आणि बहुतेक वेळा ते कुणीतरी मुद्दाम घातलेलं असतं, म्हणून वाळवण. गच्चीवर कुरडयांची घातलेली चादर, तिच्या चार कोपऱ्यांवर चार वरवंटे किंवा विटा, आणि राखणीला बसवलेलं सगळ्यात धाकटं पोर. सुकण्यात मात्र दुःख आहे. माणूस सुकला की आई विचारते, जेवतोस की नाही? आणि दुभती गाय ड्राय झाली की आपण तिला कोरडी म्हणत नाही, सुकीही म्हणत नाही, भाकड म्हणतो. त्या शब्दात हिशेब आहे, आणि थोडा निर्दयपणाही.

सकाळी साडेसातला आमच्या गल्लीत घंटागाडी येते. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, असं गाणं लावून. माझ्या लेकीला वाटायचं, बादलीत पाणी ओतलं की कचरा ओला होतो. केळ्याचं साल हाताला कोरडं लागलं तरी ओला कचरा आणि पावसात भिजलेली प्लॅस्टिकची पिशवी सुका कचरा, हे तिला समजावताना माझी पुरेवाट झाली. तेव्हा हसले होते. आता वाइनला कोरडी म्हणायची पाळी आली तेव्हा लेक हसत होती.

ओल्या-सुक्याच्या ह्या खेळात मराठीने काही जागी तर कमाल केली आहे. ओला दुष्काळ हा शब्द घ्या. इंग्रजीत दुष्काळाच्या नावातच कोरडेपणा बसलेला, त्यामुळे वेट ड्राउट म्हटलं की शब्द स्वतःशीच भांडतात. आपल्याला मात्र दोन्ही दुष्काळ माहीत आहेत, आणि नाशिक जिल्ह्याला तर ते एकाच वर्षात, कधी एकाच तालुक्यात माहीत आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात गोदावरीतलं रामकुंड कोरडं पडलं. दशक्रियेला आलेले लोक सुक्या पायऱ्यांवर उभे होते आणि काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. तिथेच पावसाळ्यात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, अशी पुराची मोजदाद आम्ही करतो. त्या मारुतीला दोन तोंडं आहेत ते एका अर्थी बरंच आहे.

मग ओली पार्टी. ड्राय डेच्या बरोबर विरुद्ध असा हा अस्सल मराठी शब्द कुठल्या बातमीदाराने पहिल्यांदा वापरला कुणास ठाऊक, पण त्याला इंग्रजीची गरज पडली नाही हे मला फार आवडतं.

आणि सगळ्यात लाडका शब्द म्हणजे कोरड्यास. आजी विचारायची, "आज कोरड्यास काय केलंय?" शहरातल्या माझ्या मैत्रिणींना वाटतं की ही सुक्या भाजीची चौकशी आहे. कोरड्यास म्हणजे कालवण, पातळ, रस्सा. भाकरी कोरडी, तिच्या सोबतीला काहीतरी ओलं हवं. ते जे हवं तेच कोरड्यास. ओल्या पदार्थाचं नाव कोरडेपणावरून. ड्रायक्लीनला हसणाऱ्यांनी आधी स्वतःच्या ताटात बघावं.

सुका हा शब्द संस्कृत शुष्कपासून प्राकृताच्या वाटेने आला हे ठाऊक होतं. त्याचे नातेवाईक कुठे कुठे पसरलेत ते ठाऊक नव्हतं. फारसीतला खुश्क हा त्याचा अगदी जवळचा भाऊ, आणि तिथून आपल्याकडे आलेली खुष्की. खुष्कीचा मार्ग म्हणजे जमिनीवरचा, कोरड्या पायांनी जायचा रस्ता. इतिहासाच्या तासाला हा शब्द आला की मला उगाच खूष होऊन चाललेले लोक दिसायचे. तिकडे ग्रीकमध्ये ह्याच मुळापासून कोरड्याला एक शब्द होता, त्यावरून तोंड आवळणाऱ्या, जीभ कोरडी पाडणाऱ्या फळांना आणि दारूला एक विशेषण झालं, आणि तेच पुढे इंग्रजीत ऑस्टियर म्हणून आलं. कडक, विरक्त, चैन न करणारा. म्हणजे आमचा सुका बोंबील आणि तिकडचा ऑस्टियर साधू एकाच गोत्रातले. ड्राय मात्र ह्या गोत्रातला नाही, त्याचं घराणं वेगळं.

इतकं सगळं झालं तरी बोर्ड तसाच होता. म्हणून एका शनिवारी वायनरीतच गेले. मालकाच्या मुलाने मला टाक्यांपाशी नेलं. स्टीलच्या उंच टाक्या, बाहेरून दव धरलेल्या, आत थंड ठेवलेला रस. त्याने सांगितलेलं मी माझ्या शब्दांत सांगते. द्राक्षं काढताना त्यात साखर असते, बावीस-चोवीस ब्रिक्स. ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप. लिटरभर रसात सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम साखर झाली. यीस्ट ही साखर खातं, तिची दारू करतं आणि बुडबुडे सोडतं. लिटरमधल्या साधारण सतरा ग्रॅम साखरेमागे एक टक्का अल्कोहोल. मध्येच त्याला थांबवलं तर साखर शिल्लक राहते, वाइन गोड होते. थांबवलं नाही तर ते शेवटच्या कणापर्यंत खात जातं. लिटरमागे चार ग्रॅमच्या खाली साखर राहिली की ती ड्राय. म्हणजे इथे ड्राय हा वाइनचा दोष नाहीच, ती पूर्ण झाल्याची खूण आहे.

आणि गंमत बघा, शॅम्पेनवाल्यांनी ह्यातही घोळ घातलाच आहे. त्यांच्या बाटलीवर एक्स्ट्रा ड्राय असं लिहिलेलं असलं तर ती ब्रूट ह्या कोरड्या प्रकारापेक्षा गोड निघते, लिटरला बारा ते सतरा ग्रॅम साखर. नुसतं सेक, म्हणजे फ्रेंचमध्ये कोरडं, असं लिहिलेलं असेल तर त्याहून गोड, बत्तीस ग्रॅमपर्यंत. एके काळी लोक इतकी गोड शॅम्पेन पीत की त्यामानाने ही कोरडी वाटायची. पुढे जीभ बदलली, लेबलं तीच राहिली.

मुलाने मला एक लाल वाइनही चाखायला दिली. घोट घेतल्याबरोबर हिरड्या आवळल्या, जीभ टाळूला चिकटली. मी म्हटलं, "ही फारच ड्राय." तो म्हणाला, "सगळे इथेच फसतात. ही टॅनिन आहे. सालीतून, बियांतून येते." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लखलखाट झाला. ह्याला आपल्याकडे शब्द आहे की! तुरट. कच्चं जांभूळ, सुपारी, आवळा. सहा रसांपैकी एक रस आपण तुरटपणासाठी राखून ठेवला आहे, मग इंग्रजांना ड्राय म्हणून चाचपडू द्या. लाल वाइनच्या बोर्डावर मी ठसठशीत तुरट लिहिलं, आणि त्या एका शब्दापुरती मान ताठ करून घरी आले.

ड्रायसाठी मात्र अजूनही काही नव्हतं. पण एव्हाना वाइनपेक्षा त्या शब्दाची दुसरीच बाजू मला छळू लागली होती.

ड्राय ह्यूमर. वाइनला ड्राय म्हणायला इंग्रजीत १७०० च्या सुमारास सुरुवात झाली, पण विनोदाला ड्राय म्हणणं त्याहून जुनं, सोळाव्या शतकापासूनचं तरी आहेच. म्हणजे माणसं आधी ड्राय झाली, वाइन मागून. चेहऱ्यावरची रेघ हलू न देता, आपण काही विनोद केला आहे ह्याचा पत्ताच नसल्यासारखं बोलायचं. आता ह्यूमर हा शब्द बघा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ओल, द्रव. ह्युमिडिटी त्याच घरातली. शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार द्रव असतात आणि त्यांच्या कमी-जास्तपणावर माणसाचा स्वभाव ठरतो असं ग्रीक वैद्य मानत. द्रवावरून स्वभाव, स्वभावावरून लहर, लहरीवरून विक्षिप्तपणा, आणि विक्षिप्त माणसाला लोक हसतात म्हणून शेवटी विनोद. तेव्हा ड्राय ह्यूमर म्हणजे शब्दशः कोरडी ओल. आपल्याकडेही हास्य हा रसच. कोरडा रस कसा म्हणायचा?

मराठीत कोरडा आणि विनोद एकत्र आणले तर भलताच अर्थ होतो. कोरडा म्हणजे चाबूकही. समाजावर कोरडे ओढले, असं आपण उपहासाबद्दल म्हणतो. पण तिथे चाबकाचा आवाज येतो, ओढणाऱ्याचा हात दिसतो. ड्राय माणसाचा हात दिसत नाही. खोचक म्हणावं तर त्यात दुसऱ्याला टोचायचा हेतू आला. मिश्कील म्हटलं की डोळे हसले पाहिजेत. नानांचे डोळे हसत नाहीत.

गावाकडे नानांबद्दल एकच शब्द आहे, कोरडा माणूस. आत्या म्हणायची, "आमच्या भावाच्या काळजाला ओल नाही." लहानपणी मला ते पटायचं. वडील कुणाला जवळ घेत नसत, शाबासकी देत नसत. माझा बारावीचा निकाल लागला, तालुक्याच्या पेपरात नाव आलं. पेपर हातात घेऊन म्हणाले, "फोटो कुणाचा छापलाय?" माझाच होता, पण शाई पसरली होती. एवढंच. लग्नात पाठवणीच्या वेळी सगळं घर रडत होतं, मी आईच्या गळ्यातून सुटत नव्हते. नाना गाडीपाशी उभे. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "चला आता. डिझेल जळतंय." कित्येक वर्षं मी हे वाक्य उरात काट्यासारखं घेऊन हिंडले. नवऱ्याशी भांडण झालं की हटकून काढायचे, तुम्ही काय, आमच्या बापालासुद्धा डिझेलचीच काळजी होती.

मग २०१४ चा मार्च. जिल्ह्यात गारपीट झाली तेव्हा मी नेमकी माहेरी होते. बाग काढणीला आलेली, एक्स्पोर्टचा माल, व्यापाऱ्याशी बोलणी झालेली. दुपारी चारला आभाळ काळं झालं आणि वीस मिनिटांत सगळं संपलं. पाऊस थांबल्यावर आम्ही बागेत गेलो. तारांवर पानं नव्हती. मांडवाखाली पांढरा खच, त्यात फुटलेले मणी, आणि आंबूस-गोड असा एक वास येत होता, जो मी अजून विसरले नाही. शेजारचे दोघे-तिघे बांधावर येऊन उभे राहिले. कुणी बोलेना. आई पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली.

नाना खाली वाकले. खिशात मण्याची साइज बघायची भोकांची पट्टी होती, काढणीच्या दिवसांत ती कायम खिशातच असते. त्यांनी एक गार उचलली, अठरा एमएमच्या भोकावर ठेवली. जाईना. दुसरी उचलली. तीही जाईना. मग शेजाऱ्याकडे बघून म्हणाले, "साइज चांगली भरलीय. बिनबियांची आहे. कंटेनर सांगून ठेव."

शेजाऱ्याला काय करावं कळेना. मी हसले. मोठ्याने, वेड्यासारखी हसले, आणि हसता हसता रडायला लागले. नाना मात्र पट्टी धोतराच्या सोग्याने पुसत होते. त्यांचे डोळे कोरडे होते हे मी पाहिलं. पण पट्टी तशी कोरडीच होती की. गारेने ओली झाली असेल तेवढीच. ती ते किती वेळ पुसत होते!

त्या संध्याकाळी मला इंग्रजी शब्द आठवला नाही. तो आठवला आता, दहा-बारा वर्षांनी, वाइनच्या बोर्डामुळे. इंग्रजीत म्हणतात ना, ही इज व्हेरी ड्राय. त्यात तक्रार नसते. ऐकणारा पुढे सरकून बसतो. मराठीत कोरडा म्हटलं की लोक त्या माणसापासून जरा लांब सरकतात. एकच माणूस, एका भाषेत विहीर, दुसऱ्या भाषेत वाइन. मग डिझेल जळतंय हे वाक्य मी पुन्हा एकदा, नीट, हळूहळू ऐकून पाहिलं. आई सांगते, त्या दिवशी गाडी बंदच होती. ड्रायव्हर जेवायला बसला होता.

असो. बोर्डावर शेवटी ड्रायच ठेवलं, देवनागरीत, आणि खाली लिहिलं, "साखर संपेपर्यंत मुरू दिलेली. गोडी नाही, वास आणि आंबटपणा भरपूर." मालकाच्या मुलाला आवडलं. बोर्ड लागल्यावर त्याने आग्रह केला, घरच्यांना घेऊन या. मी नानांना आणलं. ते शहात्तर वर्षांचे आहेत. राज्याचं वाइन धोरण २००१ मध्ये आलं, त्यानंतरच्या उत्साहात त्यांनीही एक एकर वाइनची द्राक्षं लावली होती. पुढे मंदी आली, माल कुणी उचलेना, तेव्हा जेसीबी लावून उपटून टाकली. त्याआधी एका वर्षी एक व्यापारी खायच्या द्राक्षांचा अख्खा प्लॉट घेऊन गेला होता. चेक परत आला, मोबाइल बंद झाला, माणूस परत दिसला नाही. ह्यातली कुठलीच गोष्ट नाना सांगत नाहीत. वाइन त्यांनी आयुष्यात चाखली नव्हती.

काउंटरवरच्या मुलीने अंगठ्याएवढी पांढरी वाइन ग्लासात ओतली. "आजोबा, ही ड्राय आहे. गोड लागणार नाही." नानांनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, एक घोट घेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "द्राक्षं घेताना ब्रिक्स किती होतं?"

"तेवीस," ती म्हणाली. चांगली तयार होती.

"आता किती राहिली साखर?"

"लिटरला दोन-तीन ग्रॅम फक्त."

नानांनी मान हलवली. "म्हणजे तेवीसने घेऊन गेले आणि हिशेबाला बसलो तर हातात काही नाही. आमच्याकडे एक व्यापारी यायचा. तोही ड्रायच करायचा."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. हसावं की सॉरी म्हणावं हे तिला कळत नव्हतं. नानांनी ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"घाल अजून थोडी," ते म्हणाले. "हिची गाडी बाहेर चालू नाहीये ना?"